सरासरीतले ६६ गुण कुठून आले?

पत्र: मी मराठवाड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. २०२५च्या नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, आमच्याकडची २४० मुलं बसली. दहावी मराठी माध्यमातून केलेल्या १५० मुलांची सरासरी ७२० पैकी ३१२ आली, इंग्रजी माध्यमातून आलेल्या ९० मुलांची ३७८. संस्थेच्या बैठकीत हा तक्ता पडद्यावर लागला आणि लगेच ठराव पुढे आला, की पुढच्या वर्षीपासून मराठी माध्यमाची तुकडी वेगळी करायची आणि ‘मेरिट बॅच’ फक्त इंग्रजी माध्यमातून भरायची. एका सदस्यांना प्रवर्गनिहाय सरासरीही हवी आहे. २०२४पेक्षा आमची एकूण सरासरी खाली आली म्हणून शिक्षकांनाही बोलणी बसली. अहवाल माझ्याकडे सोपवला आहे. आकडे खोटे नाहीत, पण निष्कर्ष पटत नाही. चूक नेमकी कुठे आहे आणि अहवालात काय लिहू? नावं काढून विद्यार्थीनिहाय तक्ता जोडला आहे.

उत्तर: मॅडम, विद्यार्थीनिहाय तक्ता जोडलात हे फार चांगलं केलंत. नुसत्या दोन सरासरी पाठवल्या असत्या तर आम्हालाही अंदाजापलीकडे काही सांगता आलं नसतं. तक्ता पाहिल्यावर पहिलं सांगायचं ते असं, की हा ठराव पुढच्या बैठकीपर्यंत तरी थांबवा. ६६ गुणांचा फरक खरा आहे. पण तो माध्यमाचा आहे असं म्हणायला तुमच्या तक्त्यात आधार नाही. तो जवळजवळ सगळा रिपीटरांच्या, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसलेल्या मुलांच्या, संख्येतून आला आहे.

तुमच्या तक्त्यात ‘प्रयत्न’ नावाचा रकाना आहे. बैठकीतल्या पडद्यावर तो नव्हता. त्या रकान्याप्रमाणे मुलं वेगळी केली की चित्र असं दिसतं:

मराठी माध्यम, पहिला प्रयत्न: १२० मुलं, सरासरी २८०
मराठी माध्यम, रिपीटर: ३० मुलं, सरासरी ४४०
इंग्रजी माध्यम, पहिला प्रयत्न: ३६ मुलं, सरासरी २८८
इंग्रजी माध्यम, रिपीटर: ५४ मुलं, सरासरी ४३८

पहिल्यांदा बसलेल्यांत इंग्रजी माध्यम ८ गुणांनी पुढे आहे. रिपीटरांत मराठी माध्यम २ गुणांनी पुढे आहे. मग एकत्र केल्यावर ६६ कुठून आले? मराठी माध्यमाच्या गटात रिपीटर २० टक्के आहेत, इंग्रजीच्या गटात ६० टक्के. ज्या गटात वर्षभर जास्त तयारी केलेली मुलं तिप्पट प्रमाणात आहेत, त्याची सरासरी वर जाणारच.

हे बैठकीत दाखवायचं तर एकच गणित फळ्यावर मांडा. मराठी माध्यमाच्या गटातही रिपीटर ६० टक्के असते तर सरासरी किती आली असती? २८० गुणिले ०.४ म्हणजे ११२, ४४० गुणिले ०.६ म्हणजे २६४, बेरीज ३७६. इंग्रजी माध्यमाची सरासरी ३७८ आहे. फरक २ गुणांचा उरला. उलट बाजूनेही करून बघा: इंग्रजीच्या गटात रिपीटर २० टक्केच असते तर त्यांची सरासरी ३१८ झाली असती, म्हणजे फरक ६. कुठूनही मोजा, ६६ मधले साठ गुण गटाच्या घडणीतून आलेले आहेत. ही रीत नेहमीच्या वापरात ठेवा. दोन गटांची सरासरी समोर आली की त्यांच्यात कोण किती आहेत ते आधी विचारायचं, मग दोन्ही गटांना एकच घडण देऊन सरासरी पुन्हा काढायची.

अशीच गफलत १९७३ साली अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रवेशांच्या आकड्यांत दिसली होती. अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. भेदभाव उघड आहे असं वाटलं. विभागवार तक्ते काढल्यावर मात्र बहुतेक विभागांत स्त्रियांचं प्रवेशाचं प्रमाण पुरुषांइतकंच होतं, एका मोठ्या विभागात तर बरंच जास्त होतं. ज्या विभागांत प्रवेश मिळणंच कठीण, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. १९७५ साली हे प्रसिद्ध झालं, आणि संख्याशास्त्राच्या वर्गात आजही शिकवतात.

पण मॅडम, इथे थांबू नका. ‘फरक रिपीटरांचा आहे’ एवढं सांगून सभा संपली तर आम्हाला वाईट वाटेल, कारण खरा प्रश्न इथूनच पुढे आहे. मराठी माध्यमाच्या मुलांत रिपीटर इतके कमी का? दुसरं वर्ष देणं म्हणजे कोचिंगची फी, खोलीचं भाडं, मेस, आणि घरात कमावू शकणारा एक हात वर्षभर पुस्तकात. ते ज्या घराला परवडतं त्या घरातलं मूल रिपीट करतं. ज्या घराला परवडत नाही, तिथलं मूल ३०० गुणांवर नर्सिंग, फार्मसी किंवा बीएस्सीला जातं, आणि तुमच्या तक्त्यात कायमचं ३०० वर राहतं. प्रयत्नांची संख्या गणितात धरून फरक नाहीसा झाला म्हणजे विषमता नाहीशी झाली असं नव्हे. ती कुठल्या दारातून आत येते ते कळलं. तमिळनाडूत २०२१ साली न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने नीटच्या परिणामांचा अहवाल दिला. त्यात राज्यातल्या एमबीबीएस प्रवेशांत रिपीटरांचं प्रमाण २०१६-१७ मध्ये सुमारे १२ टक्के होतं, ते २०२०-२१ पर्यंत ७० टक्क्यांच्या वर गेल्याचं नोंदलं आहे. तुमच्या महाविद्यालयातली गोष्ट मोठ्या पडद्यावर तीच आहे.

याच जागी आणखी एक चूक होते, तीही टाळा. रिपीटरांची सरासरी १५०-१६० गुणांनी जास्त आहे म्हणून ‘ड्रॉप घेतला (एक वर्ष थांबून पुन्हा बसलं) की १६० गुण वाढतात’ असं कुणी पालकांना सांगू लागेल. तसं नाही. ड्रॉप कोण घेतं? ज्याला पहिल्या वेळी बऱ्यापैकी गुण पडले आणि थोडक्यात हुकलं, तो. ८० गुण पडलेलं मूल सहसा पुन्हा बसत नाही. वाढ मोजायची तर त्याच विद्यार्थ्याचा आधीचा आणि नंतरचा पर्सेंटाइल (शंभर परीक्षार्थींपैकी किती जण त्याच्या मागे आहेत तो आकडा) शेजारी ठेवून मोजा. रिपीटरांच्या जुन्या गुणपत्रिका कार्यालयात नसतील तर त्यांच्याकडून मागून घ्या.

आता योगायोगाचा प्रश्न. तुमच्या तक्त्यात दोन्ही गटांतलं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती गुण किती पसरलेत ते माप, सुमारे १३५ गुणांचं आहे. १५० आणि ९० मुलांचे गट असतील तर सरासरीतल्या फरकाची प्रमाण त्रुटी (तो नुसत्या योगायोगाने साधारण किती हलू शकतो त्याचा अंदाज) येते १३५ गुणिले (१/१५० + १/९०) चं वर्गमूळ, म्हणजे १८. तिच्या दुप्पट ३६; योगायोगाचा फरक बहुधा याच्या आतच राहतो. ६६ हा आकडा त्याच्या बराच बाहेर आहे, म्हणून एकूण फरक योगायोगाचा नाही. आता पहिल्या प्रयत्नातला ८ गुणांचा फरक घ्या. तिथे विचलन सुमारे १२०, मुलं १२० आणि ३६, त्रुटी जवळपास २३. म्हणजे खरा फरक इंग्रजीच्या बाजूने ५० असू शकतो, मराठीच्या बाजूने ३५ असू शकतो, आणि शून्यही असू शकतो. म्हणून अहवालात ‘माध्यमाने फरक पडतो’ लिहायला जसा आधार नाही, तसा ‘माध्यमाने काहीच फरक पडत नाही’ असं लिहायलाही नाही. ३६ मुलांवरून इतकंच सांगता येतं. तीन-चार वर्षांचे पहिल्या प्रयत्नाचे निकाल एकत्र केलेत तर बोलता येईल. पण ते एकत्र करताना गुण वापरायचे नाहीत, पर्सेंटाइल वापरायचा. का, ते पुढे येतंच.

बैठकीत सरासरी दाखवली गेली. पात्र मुलांचं प्रमाण दाखवलं असतं तर वेगळीच चर्चा झाली असती. तुमच्याच तक्त्यातून हे तीन आकडे काढा. १४४ची रेषा (२०२५ची खुल्या गटाची पात्रता-रेषा) ओलांडणारे: मराठी माध्यमाचे १५० पैकी १३५, म्हणजे ९० टक्के, इंग्रजीचे ९० पैकी ८६, म्हणजे ९६ टक्के. कुणी म्हणेल, गट जवळपास सारखेच आहेत. सरासरी: ६६ गुणांचा फरक. ५०० च्या वरचे: मराठी १३, म्हणजे पावणेनऊ टक्के, इंग्रजी १७, म्हणजे १९ टक्के. कुणी म्हणेल, इंग्रजीवाले दुपटीहून पुढे. मुलं तीच, वर्ष तेच, गोष्टी तीन. दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या विचलनाइतकं अंतर असलं की अगदी वरच्या टोकाला ते दुप्पट-तिप्पट होऊन दिसतं आणि खालच्या रेषेवर जवळपास दिसतच नाही. हा वितरणाच्या आकाराचा गुण आहे, मुलांचा नाही. म्हणून कट-ऑफ आधी ठरवा आणि कारण लिहून ठरवा. निकाल पाहून सोयीची रेषा निवडायची नाही.

५०० च्या वरचे प्रयत्नाप्रमाणे फोडले की पुन्हा तेच. मराठी माध्यमाच्या ३० रिपीटरांपैकी ९ तिथे पोचले, इंग्रजीच्या ५४ पैकी १५. पहिल्या प्रयत्नात मराठीचे १२० पैकी ४, इंग्रजीचे ३६ पैकी २. मेरिट बॅचमधून मराठी माध्यम वगळलं असतं तर ही १३ मुलं बाहेर बसली असती. ही ओळ अहवालात ठळक लिहा.

आणि दोन गटांचा एकमेकांवर चढलेला भाग पाहा. इंग्रजी माध्यमाच्या सरासरीहून, म्हणजे ३७८ हून जास्त गुण मिळवणारी मराठी माध्यमाची मुलं तुमच्या तक्त्यात ४७ आहेत. मराठी माध्यमाच्या सरासरीहून, म्हणजे ३१२ हून कमी मिळवणारी इंग्रजी माध्यमाची मुलं २८. समोर बसलेल्या मुलाचं माध्यम कळलं म्हणून त्याचे गुण सांगता येत नाहीत. तुकडी माध्यमावर पाडली तर या ७५ मुलांची जागा हमखास चुकेल. सरासरीऐवजी प्रत्येक गटाचा मध्यक (बरोबर मधल्या मुलाचे गुण) आणि पहिला-तिसरा चतुर्थक (तळाची आणि वरची पाव मुलं जिथे वेगळी होतात ते गुण) दाखवा, जमलं तर प्रत्येक विद्यार्थ्याचा एकेक ठिपका आलेखावर ठेवा. दोन उंच खांब दिसले की लोक दोन जाती पाहतात. ठिपके दिसले की मुलं दिसतात.

‘मराठी माध्यम’ हा रकाना तुम्ही कसा भरला आहे तेही तपासा. आपल्याकडे मराठी शाळांतली पुष्कळ मुलं सेमी इंग्रजीची असतात. त्यांनी गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच केलेलं असतं. शिवाय अकरावी-बारावीची विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच चालते, आणि नीटचा मराठी प्रश्नपत्रिकेचा पर्याय मराठी माध्यमाची सगळीच मुलं घेत नाहीत. म्हणजे दहावीचं माध्यम, विज्ञान शिकल्याची भाषा आणि प्रश्नपत्रिकेची भाषा या तीन वेगळ्या गोष्टी तुमच्या एका रकान्यात कोंबल्या गेल्या आहेत. किमान मराठी, सेमी आणि इंग्रजी असे तीन भाग पाडा. बोर्डही लिहा. नीटची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर होते. दहावीपर्यंत तीच पुस्तकं हाताळलेलं सीबीएसईचं मूल आणि बालभारतीची पुस्तकं वाचलेलं राज्य मंडळाचं मूल यांची सुरुवात एका जागी नसते. इंग्रजी माध्यमाच्या गटात सीबीएसईची मुलं जास्त असतील तर बोर्डाचा फरक तुम्हाला माध्यमाचा म्हणून दिसेल.

आणखी एक गोष्ट तक्त्यात नाहीच. जी मुलं नीटला बसलीच नाहीत, ती. बारावीच्या पटावर किती होती, त्यांतली १५६ पहिल्यांदा बसली, बाकीची कुठे गेली आणि कोणत्या माध्यमाची होती? सराव परीक्षांत कमी पडणारी मुलं डिसेंबर-जानेवारीत नीट सोडून नुसत्या बोर्डाच्या किंवा सीईटीच्या मागे लागतात. मराठी माध्यमातली अशी गळती जास्त असेल, तर जे बसले ते आधीच चाळून निघालेले आहेत, आणि खरा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. हे आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाऊ शकतं. तरीही मोजायचं. मुलामुलींच्या तुलनेतही हाच मुद्दा येतो. २०२५च्या नीटला १३ लाखांहून जास्त मुलींनी नोंदणी केली होती, मुलगे १० लाखांच्या आत होते. अभियांत्रिकीच्या जेईईला उलट असतं, मुलगे बरेच जास्त. मोठ्या संख्येने बसणारा गट आपल्यातल्या साधारण मुलांनाही बरोबर आणतो, थोडे बसणारे बहुधा निवडक असतात. म्हणून नीटच्या सरासरीवरून मुलींबद्दल आणि जेईईच्या सरासरीवरून मुलांबद्दल सरसकट विधान करू नये. अमेरिकेत एसएटी या महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेची सरासरी १९६३ पासून घसरत गेली, तेव्हा नेमलेल्या विर्ट्झ समितीने १९७७ साली सांगितलं, की सुरुवातीच्या वर्षांतल्या घसरणीचा मोठा भाग परीक्षेला बसणाऱ्यांची घडण बदलल्यामुळे होता.

शिक्षकांना बसलेल्या बोलण्यांबद्दल. २०२४ आणि २०२५चे नीटचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येतच नाहीत. सगळ्या परीक्षार्थींच्या बरोबर मधोमध असलेला, म्हणजे ५० पर्सेंटाइलचा आकडा २०२२ साली ११७ होता, २०२३ साली १३७, २०२४ साली १६२ आणि २०२५ साली १४४. मधला विद्यार्थी तोच, गुण वर-खाली. २०२४ साली पहिल्या क्रमांकाला ७२० पैकी ७२० होते, २०२५ साली ६८६. प्रश्नांची रचनाही बदलली: २०२४ मध्ये २०० प्रश्नांतले १८० सोडवायला २०० मिनिटं होती, २०२५ मध्ये १८० प्रश्न सक्तीचे आणि १८० मिनिटं. भौतिकशास्त्राचे प्रश्न किती अवघड होते ते तर तुमच्या सहकाऱ्यांनी पाहिलंच असेल. दोन वर्षांची तुलना हवी असेल तर गुणपत्रिकेवर छापलेला पर्सेंटाइल घ्या आणि त्याचा मध्यक दोन्ही वर्षी काढा. तो खाली आला असेल तरच घसरण म्हणा. आणि १४४ हा आकडा समितीपुढे जरूर ठेवा: ‘मागे पडलेल्या’ म्हणवल्या गेलेल्या गटाची सरासरी देशातल्या मधल्या विद्यार्थ्याच्या दुपटीहून वर आहे.

पर्सेंटाइलची मात्र सरासरी काढू नका, आणि त्यांतल्या अंतराला गुणांतल्या अंतरासारखं वागवू नका. ५० आणि ६० पर्सेंटाइलमध्ये थोडेच गुण असतात, ९९ आणि ९९.९ मध्ये पुष्कळ. एमएचटी-सीईटीत प्रत्येक सत्राचा पर्सेंटाइल त्या सत्रातल्या मुलांवरून निघतो, तिथेही हाच नियम.

प्रवर्गनिहाय सरासरीची मागणी. इथे आम्हाला कडक बोलावं लागेल. ती कशासाठी हवी आहे, हे लेखी मागा. कुठल्या मुलांना कसली मदत कमी पडते ते शोधायचं असेल तर द्या. नुसती पडद्यावर लावायला असेल तर देऊ नका. दहाहून कमी मुलांचा गट असेल तर त्याची सरासरी छापायचीच नाही. चार मुलांची सरासरी म्हणजे त्या चौघांची ओळखपरेड आहे, आणि एका मुलाने ती पन्नास गुणांनी हलते.

प्रवर्गांचे आकडे वाचताना जाणकारही कुठे फसतात ते पाहा. नीट २०२५च्या निकालात एक तक्ता होता: खुला व ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), ६८६ ते १४४, ११,०१,१५१ विद्यार्थी, ओबीसी, १४३ ते ११३, ८८,६९२, अनुसूचित जाती, त्याच पट्ट्यात, ३१,९९५, अनुसूचित जमाती, १३,९४०. हे वाचून ‘अनुसूचित जातीचे देशभरात फक्त बत्तीस हजार पात्र’ असा अर्थ सहज काढला जातो. तो चुकीचा आहे. तो तक्ता कोणत्या रेषेने पात्र झाले ते सांगतो. पहिल्या ओळीत सगळ्या प्रवर्गांची १४४ ओलांडलेली मुलं आहेत. प्रवर्गवार पात्र विद्यार्थी दुसऱ्या तक्त्यात होते: ओबीसी ५,६४,६११, खुला ३,३८,७२८, अनुसूचित जाती १,६८,८७३, ईडब्ल्यूएस ९७,०८५, अनुसूचित जमाती ६७,२३४. बेरीज १२,३६,५३१, हीच एकूण पात्रांची संख्या. आता वजाबाकी करा. अनुसूचित जातीच्या पात्र मुलांपैकी १,३६,००० हून जास्त, म्हणजे दहातली आठ, खुल्या गटाचीच रेषा ओलांडून आली होती. अनुसूचित जमातीतही जवळपास दहातली आठ, ओबीसीत त्याहून थोडी जास्त. सवलतीच्या पट्ट्यातून आलेली दहातली दोन. कुणी बैठकीत ‘हे सगळे कमी रेषेवाले’ असं म्हणालं तर ही वजाबाकी समोर ठेवा.

मग ‘पेपरच एका गटाच्या विरुद्ध आहे का’ असंही कुणी विचारेल. सरासरीतला फरक हा पक्षपाताचा पुरावा नाही, आणि क्षमतेचाही नाही. नीट मोजते ते एवढंच, की दोन वर्षांत हा अभ्यासक्रम किती पक्का झाला आणि १८० मिनिटांत किती कागदावर उतरला. त्यामागे शाळा, पैसा, वेळ, झोप, बसचा प्रवास सगळं येतं. पेपरची शंका तपासायची रीत वेगळी आहे. मुलांकडून ओएमआरची, म्हणजे गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रत घ्या, उत्तरसूची घ्या. एकूण गुणांचे पट्टे पाडा: २०० ते २९९, ३०० ते ३९९, असे. मग एकाच पट्ट्यातल्या दोन्ही गटांच्या मुलांनी प्रत्येक प्रश्न किती टक्के बरोबर सोडवला ते शेजारी लिहा. बहुतेक प्रश्नांत आकडे जवळ येतील. एखाद्या प्रश्नात सगळ्या पट्ट्यांत एकाच बाजूला २०-२५ टक्क्यांचं अंतर दिसलं, तर तो प्रश्न वाचा. लांबलचक विधानांचा आहे का, ‘यांपैकी कोणतं चूक नाही’ असा दुहेरी नकार आहे का? तिथे विषय नाही, वाक्य अडलेलं असतं, आणि त्यावर वर्गात काम करता येतं. १८० प्रश्नांत काही अंतरं नुसत्या योगायोगानेही निघतील, म्हणून एका प्रश्नावर मत बनवू नका. तशा धाटणीचे प्रश्न एकत्र पाहा.

त्याच ओएमआरमधून आणखी एक गोष्ट काढा, आणि आमच्या मते तुमच्या हातात लगेच येणारी हीच. प्रत्येक मुलाचे बरोबर, चूक आणि सोडलेले प्रश्न वेगळे मोजा. बरोबरला ४, चूकला उणे १. एका मुलाचे १०० बरोबर, २० चूक, ६० सोडलेले: ३८० गुण. दुसऱ्याचे १०५ बरोबर, ७० चूक, ५ सोडलेले: ३५० गुण. जास्त येणाऱ्याला कमी गुण आहेत. पहिल्याने सोडलेल्या ६० प्रश्नांत जिथे दोन पर्याय नक्की खोडता येत होते, तिथे उत्तर दिलं असतं तर दर प्रश्नामागे सरासरी दीड गुण हातात आला असता. दुसरा नेमकं कशात चुकतो ते पाहावं लागेल. पहिल्यांदा बसणारी, घाबरलेली, ‘उणे गुण जातील’ हे सतत ऐकलेली मुलं प्रश्न सोडून देतात. एखाद्या गटात सोडलेले प्रश्न जास्त आणि बरोबरचं प्रमाण सारखं असेल, तर तो ज्ञानातला फरक नाही, परीक्षा देण्याच्या सवयीतला आहे. पूर्ण वेळेचे सराव पेपर आणि प्रत्येक पेपरनंतर ओएमआरची चिरफाड, एवढ्याने तो कमी होतो.

मेरिट बॅच करायचीच असेल तर अकरावीच्या सुरुवातीच्या चाचणीवर करा, माध्यमावर नको. आणि ती चाचणी दोन्ही गटांना सारखी लागू पडते का हेही तपासा: मागच्या दोन बॅचचे चाचणीचे गुण आडव्या अक्षावर, नीटचा पर्सेंटाइल उभ्या अक्षावर, गटांचे ठिपके दोन रंगांत. रिपीटर यात घेऊ नका. एकाच चाचणीगुणावरून सुरू झालेली मराठी माध्यमाची मुलं पुढे नीटला वरच्या बाजूला दिसत असतील, तर चाचणी त्यांना कमी लेखते आहे; इंग्रजी नवीन असताना जूनमध्ये घेतलेल्या परीक्षेत असं होऊ शकतं. मग बॅचची फेरनिवड दिवाळीनंतर पुन्हा करा. एकाच चाचणीवर निवडलेली वरची मुलं पुढच्या चाचणीत थोडी खाली येतातच, तळाची थोडी वर येतात. त्यात कुणी बिघडलेलं किंवा सुधारलेलं नसतं, म्हणून किमान दोन चाचण्यांची सरासरी धरा.

अहवालातला मुख्य परिच्छेद असा लिहिता येईल: “नीट २०२५ला महाविद्यालयातील २४० विद्यार्थी बसले, १५६ जणांचा पहिला प्रयत्न, ८४ जणांचा पुनर्प्रयत्न. मराठी व इंग्रजी माध्यमाच्या एकूण सरासरीत ६६ गुणांचा फरक आहे. पहिल्या प्रयत्नातील विद्यार्थ्यांत तो ८ गुणांचा असून पुनर्प्रयत्नातील विद्यार्थ्यांत मराठी माध्यम २ गुणांनी पुढे आहे. विद्यार्थिसंख्या पाहता या दोन्हींवरून निष्कर्ष काढता येत नाही. एकूण फरक मुख्यतः पुनर्प्रयत्न करणाऱ्यांच्या प्रमाणामुळे (२० टक्के व ६० टक्के) आहे. ५००हून अधिक गुण मिळवणाऱ्या ३० विद्यार्थ्यांत १३ मराठी माध्यमाचे आहेत. माध्यमावर तुकड्या पाडण्यास या आकडेवारीत आधार नाही. पुनर्प्रयत्न परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी फी-सवलत व निवासाची सोय यांचा विचार व्हावा.” शेवटचं वाक्य समितीला नको असेल तरी काढू नका, तक्त्यातला सगळ्यात मोठा फरक, म्हणजे रिपीटरांच्या प्रमाणातला, तिकडेच बोट दाखवतो.

पुढच्या वर्षासाठी रकाने आतापासून ठरवा: दहावीचं माध्यम (मराठी, सेमी, इंग्रजी), बोर्ड, दहावीचे गुण, प्रवेशाच्या वेळची चाचणी, कितवा प्रयत्न, आधीच्या प्रयत्नाचा पर्सेंटाइल, बाहेर कोचिंग आहे का, रोजचा प्रवास किती, नीटला बसला की नाही, बरोबर-चूक-सोडलेले प्रश्न, गुण, पर्सेंटाइल. प्रवेशाच्या दिवशी अर्ज भरतानाच यांतले पहिले आठ भरून घ्या. निकाल लागल्यावर फोन करून विचारायला गेलात तर चांगले गुण पडलेलीच मुलं फोन उचलतात.